माडीवरच्या बाळाचा पासपोर्ट

आमच्या घराची माडी आम्ही पहिल्यापासून भाड्यानं देतो. धाराशिवला बदलीवर आलेले बँकेतले, शेतकी खात्यातले, कॉलेजातले असे किती तरी संसार तिथं मांडले गेले आणि उठले. मी शाळेतून निवृत्त झाले, यांनी ठिबकच्या पाइपांचं दुकान विकलं, दोन्ही मुलगे नोकरीसाठी पुण्याला गेले आणि घरात आम्ही दोघंच उरलो. त्याच सुमारास माडीवर स्पेनचं एक जोडपं राहायला आलं.

तो पवनचक्क्यांवरचा इंजिनिअर. भूम-वाशीकडच्या माळावर जे उंच पांढरे पंखे फिरताना दिसतात, त्यांची देखभाल त्याच्याकडं होती. सकाळी जीप यायची, त्याला घेऊन जायची. ती घरातच बसून लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. दोघं तिशीतली, हसतमुख. आल्यानंतर दोन-तीन दिवसांत ती जिना उतरून खाली आली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाली, "काकू, मी आलो."

मी जन्मभर मराठी शिकवलेली बाई. मला राहवलं नाही. म्हटलं, "आले म्हणायचं. मी आले." तिनं मान डोलावली, दोनदा म्हणून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभी, "काकू, मी आलो." पुढं आमच्या सगळ्या गल्लीनं ते मान्यच करून टाकलं.

ती गरोदर राहिली तेव्हा सगळं ठरलेलं होतं. आठव्या महिन्याच्या आधी विमानानं माहेरी जायचं, बाळंतपण तिकडं तिच्या आईजवळ करायचं आणि बाळ थोडं मोठं झालं की परत यायचं. तिकीटही काढलेलं होतं. पण जायच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, प्रवास नको. मग तिच्या आईनं नवव्या महिन्यात इकडं यायचं ठरवलं, आणि निघण्याआधीच घराच्या पायऱ्यांवरून पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आईचं ऑपरेशन झालं तो सगळा दिवस ही पोरगी माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून होती. रडली नाही. मी आमटीला लागणारं येसर भाजत होते, तेवढं ती हलवत राहिली.

तिथंच, त्याच पाटावर, पुढच्या आठवड्यात दुपारच्या वेळी ती एकदम उठून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, पाणी."

मी तांब्या पुढं केला. ती मान हलवत म्हणाली, "ते पाणी नाही."

यांनी गाडी काढली. दवाखाना काही लांब नाही, पण मध्ये बाजार, आणि बाजारात ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा. हे आयुष्यात कधी हॉर्न न वाजवणारे, त्या दिवशी हॉर्नवरचा हात त्यांनी काढलाच नाही. तिच्या नवऱ्याला फोन लावला तर तो पवनचक्कीच्या टोकावर. खालच्या माणसानं निरोप वर पोचवला. दवाखान्यात तो धावत आला तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं, कमरेला पट्टे आणि कड्या लोंबत होत्या. चालला की खुळखुळ वाजत होतं. सिस्टर माझ्याकडं वळून म्हणाली, "पेशंटची तुम्ही कोण? नातं काय लिहू?"

मी म्हटलं, "काकू लिहा."

मुलगी झाली. वेळेआधी आली होती म्हणून दोन दिवस काचेच्या पेटीत उबेला ठेवली, पण आवाज खणखणीत होता. बापानं यांना विचारलं, तुमच्याकडं अशा वेळी काय करतात? हे म्हणाले, पेढे वाटतात. तो जीप घेऊन गेला आणि कुंथलगिरीच्या पेढ्यांचे इतके पुडे घेऊन आला की दवाखान्यात औषधाच्या दुकानापासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांना दोनदा वाटून झाले. कुणीतरी त्याला म्हणालं, "साहेब, मुलगी झाली ना? मग बर्फी पाहिजे. पेढे मुलाचे." त्यानं सरळ विचारलं, का? म्हणणारा पेढा तोंडात टाकून पुढं सरकला. पेढे सगळ्यांनीच खाल्ले.

मला दोन्ही मुलगेच. लेकीचं बाळंतपण करायचं भाग्य आपलं नाही, असं मी धरून चालले होते. ते माडीवरून खाली आलं. खालच्या खोलीत बाज टाकली, शेगडी ठेवली, डिंकाचे लाडू वळले, हळिवाची खीर केली. अंगाला लावायला आमच्या गल्लीतल्या आत्या येऊ लागल्या. या आत्या म्हणजे कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हेत. अर्ध्या धाराशिवच्या पोरांना त्यांनी पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं आहे. आवाज असा की मारुतीच्या पारापर्यंत जावा. पहिल्या दिवशी त्यांनी बाळाला उलटंपालटं करून बघितलं आणि आईला म्हणाल्या, "लई गोरी हाय गं. पर रडती आपल्यावानीच."

बाराव्या दिवशी बारसं केलं. नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं, त्यांच्याकडचं, छोटंसं. गल्लीतल्या बायकांनी त्याला लगेच 'बाई' जोडून टाकलं. पाळणा म्हणताना नाव ओळीत बसेना म्हणून शेजारीण एका जागी थांबली आणि तेवढ्यावर सगळ्या बायका हसत सुटल्या. बाळंतिणीनं तो सगळा गोंधळ मोबाइलवर आईला दाखवला. तिकडं हॉस्पिटलच्या पलंगावर पडलेली तिची आई हसत होती आणि डोळे पुसत होती.

ते हसणं बघून त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, जमेल तितक्या लवकर बाळाला घेऊन आजीकडं जायचं. आणि मग पासपोर्टचं सुरू झालं.

मला वाटलं होतं, आई-बापांचा पासपोर्ट आहे म्हणजे मांडीवरचं बाळ त्यांच्याबरोबर जातंच. बसमध्ये नाही का जात? ती म्हणाली, तसं नसतं. बाळ जन्मलं भारतात, पण आई-बाप दोघं स्पेनचे म्हणून बाळ भारताचं नाही. आणि स्पेनमध्ये अजून कुणाला ते जन्मल्याचं माहीत नाही, म्हणून तिकडचंही नाही. आधी इथल्या नगरपालिकेचा जन्मदाखला, मग तो मुंबईला त्यांच्या वकिलातीत दाखवून तिकडं नोंद, मग पासपोर्ट, आणि शेवटी बाळाला भारताबाहेर जाण्याची परवानगी.

"म्हणजे आत्ता ही कुणाचीच नाही?" मी विचारलं.

आत्या बाळाला टिपत होत्या. त्या म्हणाल्या, "माझी हाय. लिवा तसं."

नगरपालिकेत मीही गेले. खिडकीतल्या बाई मनानं चांगल्या. बाळाचं नाव झालं, वडिलांचं झालं. मग त्यांनी विचारलं, "आडनाव?"

मी म्हटलं, "दोन आहेत."

"एक माहेरचं, एक सासरचं?"

"नाही. एक वडिलांचं, एक आईचं. त्यांच्याकडं मुलांना दोन्ही लावतात."

बाईंचा हात कीबोर्डवरच राहिला. "आणि आईनं लग्नानंतर बदललं नाही?"

"त्यांच्याकडं बदलतच नाहीत."

त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली, "अहो, इकडं या जरा, हे ऐका." मग त्या दोघींनी बाळाच्या आईला खूप प्रश्न विचारले. सासूबाई काही म्हणत नाहीत का? दारावरच्या पाटीवर काय लिहिता? मागं रांग वाढत होती, पण रांगेतल्या बायकाही कान देऊन ऐकत होत्या, त्यामुळं तक्रार कुणी केली नाही.

एवढं होऊनही दाखला हातात आला तेव्हा मुलीच्या नावापुढं आपल्या पद्धतीनं वडिलांचं नाव छापलेलं होतं. बापाचा चेहरा उतरला. त्यानं समजावलं, तिकडं मधलं नाव वडिलांचं असं धरत नाहीत. तिकडच्या दृष्टीनं या मुलीचं स्वतःचंच नाव दुहेरी होईल, आणि त्यातलं दुसरं सरळ पुरुषाचं. शाळेत हजेरी घेताना वर्ग हसेल.

हे हसायला लागले. म्हणाले, "आमच्या सगळ्या बायकांच्या नावात एकेक पुरुष बसलेला आहे. आजवर कुणी हसलं नाही."

दवाखान्याचं पत्र आणलं, पुन्हा गेलो, दुरुस्त करून घेतलं. या वेळी बाईंनी छापायच्या आधी पडदा आमच्याकडं फिरवला आणि बाळाच्या आईला एकेक अक्षर वाचायला लावलं. निघताना म्हणाल्या, "दोन्ही आडनावं छान दिसतात हो."

दाखल्याची प्रत मुंबईला मेलनं पाठवली. दोन दिवसांत उलट प्रश्न आला. तुमच्या भाडेकरारावर आणि व्हिसाच्या कागदावर राहण्याचं ठिकाण उस्मानाबाद आहे. बाळ धाराशिवला जन्मलं असं दाखला म्हणतो. ही दोन गावं एकमेकांपासून किती लांब आहेत, आणि बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी का गेलात?

ती मेल घेऊन खाली आली आणि तिनं मला शब्दाशब्दाचं मराठी करून सांगितलं. यांना इतकं हसू आलं की हातातला चहा सांडला. "त्यांना कळवा," हे म्हणाले, "आम्ही कुठंही गेलो नाही. आम्ही होतो तिथंच होतो, गावानंच नाव बदललं."

तसं कळवून भागणार नव्हतं. नाव बदलल्याची सरकारी अधिसूचना जोडायला हवी होती. यांचा एक मित्र स्थानिक पेपरात बातमीदार आहे, त्याच्याकडून ती मिळाली. पण ती मराठीत. मग मी बसले. शाळेत मुलांच्या भाषांतराच्या वह्या तपासल्या, पण सरकारी मराठीचं इंग्रजी करण्याची वेळ कधी आली नव्हती. एका वाक्यात क्रियापद सापडेपर्यंत बाळाचं दूध पिऊन, ढेकर देऊन, झोपून झालं. कोर्टाजवळ नोटरी करून आम्ही ते पाठवलं. तिकडून उत्तर आलं: आभारी आहोत, समजलं. आणि खाली एक ओळ, बाळाचा फोटो मात्र चालणार नाही.

फोटोचं कारण आत्या होत्या. म्हणजे आत्यांचं काजळ. आंघोळ झाली की त्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायच्या, कपाळावर रुपयाएवढी तीट लावायच्या आणि गालावर आणखी एक. आम्ही घरीच मोबाइलवर काढून पाठवलेल्या फोटोत बाळाचा चेहरा कमी आणि तीट जास्त होती. शिवाय एका बाजूनं माझ्या बांगड्या आलेल्या. नियम असा की मागं कोरं पांढरं पाहिजे, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर काही नको आणि दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा दिसायला नको.

"मान धरत नाही त्या बाळाला धरायचं कुणी मग?" मी विचारलं.

फोटो स्टुडिओवाल्याकडं उपाय होता. मी खुर्चीत बसायचं, माझ्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर टाकायची, आणि चादरीवर, माझ्या मांडीत, बाळ ठेवायचं. चादरीच्या आतून मी त्याची मान धरायची. पण त्याआधी आत्यांना पटवायचं होतं. त्या स्वतः स्टुडिओत आल्या होत्या.

"तीट न लावता पोर भाईर काडायची? इतक्या लोकांत? नजर लागंल की."

बाळाच्या आईनं त्यांचा हात धरला. "आत्या, चेहरा नको. दुसरीकडं कुठं?"

आत्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. मग त्याचा पायमोजा काढला आणि तळव्याला भलीमोठी काळी तीट लावली. "हितं बगाया कोन येतंय?" त्या म्हणाल्या.

मी चादरीत शिरले. आत अंधार, उकाडा, आणि बाहेर नुसता आवाजांचा कल्ला. फोटोवाला टिचक्या वाजवत होता. बाप त्याच्या भाषेत काहीतरी गात होता. हे "इकडं, इकडं बघ" करत होते. आत्या नेहमीच्या आवाजात बाळावर ओरडत होत्या. बाळानं डोळे उघडले की तोंड उघडायचं, तोंड मिटलं की डोळे मिटायचे. मध्येच मला माझ्या मांडीवर काहीतरी कोमट जाणवलं. मी आतून म्हणाले, "अगं बाई." बाहेर सगळे एकदम गप्प झाले. त्या शांततेत बाळानं, अंग मोकळं झाल्याच्या समाधानात, तोंड मिटून डोळे टक्क उघडले आणि फोटोवाल्यानं बटण दाबलं. तो फोटो पास झाला. त्यात बाळाचा चेहरा एखाद्या मामलेदारासारखा गंभीर आहे.

आता मुंबईला जायचं होतं. आई, बाप, बाळ तिघांनीही समोर हजर राहायचं. तारीख मिळाली ती सव्वा महिना पुरा व्हायच्या आत. ती सोडली तर पुढची फार लांब होती. हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्या बाळाला पायावर पालथं घेऊन तेल लावत होत्या. हात थांबले.

"सव्वा महिना न्हाय झाला आन् पोरीला ममईला न्हेताव? बाई, तुमी मास्तरीण हाव का कोन?"

"तिची आई तिकडं अंथरुणात आहे, आत्या. नात बघायला जीव टाकलाय तिनं."

आत्यांनी बाळाला उताणं केलं. बाळाचे दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन सोडले, पुन्हा घेतले, पुन्हा सोडले. मग बाळंतिणीकडं न बघता तिला म्हणाल्या, "आई ती आईच. जा. पर बाई संगट जातील. कान बांदायचे. गार पानी न्हाय. गाडीची काच उगडायची न्हाय."

अशी मी निघाले. पहाटे उजाडताना गाडी सोडली. पुढं बाप आणि ड्रायव्हर, मागं आम्ही दोघी आणि बाळ. आत्यांनी दिलेली ओव्याची पुरचुंडी, बाळंतशोपा, लाडवांचा डबा, लंगोटांचं गाठोडं. काच बंद ठेवायचं वचन होतं, त्यामुळं इंदापूरपर्यंत सगळ्यांच्या अंगाला ओव्याचा वास लागला होता. पुण्यात धाकट्याच्या खोलीवर मुक्काम केला. माझ्या मुलानं तान्हं बाळ इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आपली गादी त्यांना दिली आणि स्वतः ऑफिसच्या मित्राकडं झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी वकिलातीच्या दारात मला अडवलं. अर्जदारांनाच आत जाता येईल. बरोबरच होतं ते. मी बाहेर बाकावर बसले. थोड्या वेळानं आतून ओळखीचा सूर ऐकू येऊ लागला. आमच्या बाळाचा भुकेचा सूर वेगळा आणि नुसताच रागाचा वेगळा. हा रागाचा होता. आणखी थोड्या वेळानं पहारेकरी बाहेर आला आणि हिंदीत म्हणाला, "काकू कौन है?"

दोघांना सह्या करायच्या होत्या आणि बाळ कुणा एकाच्या हातात राहीना. मी आत जाऊन त्याला घेतलं, खांद्यावर टाकलं आणि आत्यांची चाल धरून पाठ थोपटली. ते निवलं. काचेपलीकडं एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी सगळे कागद पाहिले, उस्मानाबाद-धाराशिवचं माझं भाषांतरही. मग खुर्चीतून उठून त्या काचेजवळ आल्या, बाळाकडं पाहिलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. अगदी छोटं.

आणि ही मुलगी रडायला लागली. खुब्याच्या ऑपरेशनच्या दिवशी न रडलेली, कळा सोसताना न रडलेली, काचेच्या पेटीसमोर न रडलेली मुलगी तिथं हुंदके देऊन रडली. मी घाबरले. वाटलं, कागदात काहीतरी खोट निघाली. तिच्या नवऱ्याला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

तो म्हणाला, "काही नाही, काकू. फक्त अभिनंदन म्हणाल्या."

मग मला उमगलं. आम्ही तिचं सगळं केलं होतं. बारसं केलं, लाडू केले, शेक दिला. गल्लीतल्या प्रत्येकानं तिचं कौतुक केलं. पण तिच्या आईच्या बोलीत, तिच्यासमोर उभं राहून, कुणी तो शब्द म्हटला नव्हता. तो देणं माझ्या हातात नव्हतं. मला वाईट नाही वाटलं. उलट बरं वाटलं की आम्ही इतक्या लांब आलो आणि तिला तो मिळाला. बाहेर आल्यावर मी तिला डब्यातला लाडू दिला. रडत रडतच तिनं तो खाल्ला आणि म्हणाली, "काकू, मी आता ठीक झालो."

पासपोर्ट कुरिअरनं आला. पुडक्यावर बाळाचं पूर्ण नाव, दोन्ही आडनावांसकट. कुरिअरवाला म्हणाला, मॅडमना बोलवा, सही त्यांची लागेल. हे आत गेले आणि मॅडमना दुपट्यासकट घेऊन आले. त्यानं हसून यांची सही घेतली. लालसर रंगाचं ते छोटं पुस्तक आत्यांनी दोन्ही हातांत धरलं, फोटो बघितला आणि म्हणाल्या, "तीट न्हाय म्हून कशी उगडी-उगडी दिसतीय."

राहिली होती बाहेर जाण्याची परवानगी. तिच्यासाठी जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात परदेशी लोकांचं काम बघणाऱ्या टेबलावर गेलो. आम्ही सगळेच गेलो होतो, तोवर सवयच लागली होती. टेबलावरचे हवालदार शांत माणूस. कॉम्प्युटरवर एकेक रकाना भरत होते.

"अर्जदार भारतात कधी आला?"

"आली नाही," हे म्हणाले. "इथंच जन्मली."

"ते मला कळतंय, काका. पण हा रकाना मोकळा ठेवला तर हा पुढं जाऊ देत नाही."

त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून सांगितलं, जन्माची तारीख टाका. टाकली. पुढं आलं, कोणत्या ठिकाणी उतरली? धाराशिव टाकलं. कॉम्प्युटरनं ते मान्य केलं. म्हणजे आमच्या गावाला प्रवासी विमान येत नसलं तरी आता एक प्रवासी इथं उतरल्याची नोंद आहे. मग हवालदारांनी बोट थांबवून विचारलं, "कशानं आली? विमान, जहाज की रस्ता?"

"रस्ता लिहा," हे म्हणाले. "आमच्याच गाडीतनं आली."

हवालदार इतके हसले की शेजारच्या खोलीतून साहेब डोकावले. आणि त्यांनी खरंच रस्ता लिहिलं.

ती दोघं बाळाला घेऊन गेली तेव्हा घर फार रिकामं वाटलं. आत्या तरीही सकाळी यायच्या, सवयीनं. चहा घेऊन, इकडंतिकडंचं बोलून जायच्या. एक दिवस व्हिडिओ कॉल आला. खुर्चीत बसलेली आजी, तिच्या मांडीवर बाळ, आणि आजी आम्हाला हात जोडून काहीतरी सांगत होती. लेक भाषांतर करणार तेवढ्यात आत्याच म्हणाल्या, "कळलं, कळलं. तुमी आदी पायाला जपा."

परत यायला मात्र त्यांना वाटलं त्यापेक्षा वेळ लागला. कारण आता बाळाला भारतात यायला व्हिसा हवा होता. तिनं फोनवर सांगितलं, "काकू, ते विचारतात, ही आधी कधी भारतात गेली होती का?" आम्ही सगळे पोटभर हसलो. शेवटी तोही मिळाला.

आली तेव्हा पोरगी बसायला लागली होती. आत्यांनी तिला उचलून वजन बघितलं आणि जाहीर केलं, "वाळली." ती कुठंही वाळलेली नव्हती, गुटगुटीत होती. पण आत्यांच्या मते तेल थांबलं की पोर वाळतंच.

आमच्याकडं बाळाचं उष्टावण मामाच्या हातून होतं. बाळाच्या आईला भाऊ नाही. म्हणून मी परंड्याला माझ्या भावाला फोन केला. तो शेतीतला माणूस, मोजकं बोलणारा. म्हणाला, "मामा व्हायचंय ना? येतो की." पांढराशुभ्र सदरा घालून, चांदीची वाटी-चमचा घेऊन तो सकाळच्या गाडीनं आला. आल्या आल्या बाळाच्या आईला ओवाळणीचं ताट मागितलं, कारण मामा व्हायचं तर आधी तिचा भाऊ व्हायला हवं, असा त्याचा हिशेब. तिनं ओवाळलं. कुंकू लावताना ते त्याच्या नाकावर उतरलं, त्यानं तसंच राहू दिलं.

मग बाळाला पाटावर, आत्यांच्या मांडीत बसवलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. खाली बाप कॅमेरा घेऊन पोटावर झोपला होता. माझ्या भावानं खिरीचा चमचा बाळाच्या ओठाला लावला. बाळानं ती चव घेतली, डोळे बारीक केले, थोडा वेळ विचार केला आणि मग सगळी खीर भुर्रकन त्याच्या सदऱ्यावर उडवली.

बाळाची आई ओशाळली. फडकं घेऊन पुढं झाली. माझ्या भावानं तिला हातानं थांबवलं आणि दुसरा चमचा भरला.